तायक्वांदोचे प्रवर्तक जनरल चोई होंग-ही : एका नावाची कहाणी

पांढरा सैलसर पोशाख, कमरेला रंगीत पट्टा आणि एका तालात उंच उसळणारे पाय, हे दृश्य आता आपल्या शाळांच्या पटांगणांत नवलाईचे राहिलेले नाही. आपली मुले तायक्वांदो शिकतात, स्पर्धांत पदके मिळवितात. ही कोरियाची हजारो वर्षांची विद्या आहे, असे त्यांना बहुधा सांगितले जाते. वस्तुस्थिती याहून निराळी, आणि माझ्या मते अधिक उद्बोधक आहे. तायक्वांदो हे नाव १९५५ साली ठरले. ते रूढ करण्यासाठी ज्याने जन्मभर धडपड केली, त्या पुरुषाचे चरित्र म्हणजे पारतंत्र्यात आणि फाळणीत सापडलेल्या एका राष्ट्राने स्वत्वाचा घेतलेला शोध आहे.

चोई होंग-ही यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, आज उत्तर कोरियात मोडणाऱ्या म्योंगचोन भागात झाला. त्यापूर्वी आठ वर्षे, म्हणजे १९१० साली, जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडून घेतला होता. चोई अवघे चार महिन्यांचे असताना, १ मार्च १९१९ रोजी, तेहतीस पुढाऱ्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यानंतरचे आंदोलन जपानी सत्तेने निर्दयपणे दडपून टाकले. अशा वातावरणात वाढलेल्या या मुलाला, जपानी अधिकाऱ्यांविरुद्ध चिथावणी दिल्याच्या आरोपावरून, बाराव्या वर्षीच शाळेतून काढून टाकण्यात आले. मुलगा अंगापिंडाने किरकोळ आणि उंचीने ठेंगणा होता. वडिलांनी त्याला हान इल-दोंग नावाच्या गुरूंकडे सुलेखन शिकण्यासाठी धाडले. याच गुरूंनी आपल्याला पायांच्या चपळाईवर आधारलेला ‘तेक्योन’ हा जुना कोरियन खेळ शिकविला, असे चोई पुढे सांगत असत. काही अभ्यासकांना ही गोष्ट शंकास्पद वाटते. सुलेखनाची साधना मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१९३७ साली ते शिक्षणासाठी जपानला गेले आणि तेथे कराटे शिकून काळ्या पट्ट्याचे मानकरी झाले. महायुद्धात त्यांना जपानी सैन्यात सक्तीने भरती व्हावे लागले. प्योंगयांग येथे असताना कोरियन विद्यार्थी-सैनिकांच्या बंडाच्या कटात त्यांचे नाव पुढे आले आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा त्यांची सुटका झाली. ज्या राज्यकर्त्यांविरुद्ध त्यांनी कट केला, त्यांच्याच देशात त्यांनी आपली मूळ विद्या संपादन केली होती. त्यांच्या पुढील आयुष्याचा उलगडा होण्यासाठी ही विसंगती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९४६ साली ते दक्षिण कोरियाच्या नव्या सैन्यात अधिकारी झाले. १९५० ते १९५३ या काळातील युद्धाने देशाची राखरांगोळी झाली. युद्धविरामानंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने जे सैन्य पाठविले, त्याचे नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, चोई यांनी जेजू बेटावर २९ व्या पायदळ डिव्हिजनची उभारणी केली आणि तिच्या सैनिकांना हातापायांच्या युद्धकलेचे शिक्षण सुरू केले. १९५४ साली राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर प्रात्यक्षिके झाली. चोई यांचे सहकारी नाम ते-ही यांनी मुष्टिप्रहाराने कौलांची चळत फोडली. ते पाहून, हे तर आपले तेक्योनच, असे उद्गार अध्यक्षांनी काढले, अशी हकीकत आहे. जे समोर होते ते बहुतांशी कराटे होते. परंतु राष्ट्राध्यक्षांना त्यात आपला वारसा दिसला. आता त्या वारशाला शोभेल असे नाव हवे होते.

११ एप्रिल १९५५ रोजी भरलेल्या एका बैठकीत चोई यांनी सुचविलेले नाव मान्य झाले. ‘ते’ म्हणजे पायाने केलेला आघात, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. ‘तेक्योन’ या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य अर्थातच हेतुपूर्वक साधलेले होते. मग हे केवळ नामांतर होते काय? आरंभी बऱ्याच अंशी होते. चोई यांच्या सुरुवातीच्या ग्रंथांत कराटेचे प्रकारही समाविष्ट होते. परंतु कराटे तरी मूळचे कुठले? ते ओकिनावा बेटावरचे. जपानमध्ये त्याचा प्रसार करणारे गिचिन फुनाकोशी यांनीच त्याचा ‘चिनी हात’ हा अर्थ बदलून, तोच उच्चार कायम ठेवून, ‘रिकामा हात’ असा केला. विद्या सीमा ओलांडते, तेव्हा नव्या घरात ती नवे नाव धारण करते. प्रश्न एवढाच की, त्या नावाला साजेसे कर्तृत्व मागाहून घडते की नाही.

ते घडले, याची साक्ष ‘तुल’ देतात. काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी झुंजताना करावयाच्या हालचालींची ठरीव मालिका म्हणजे तुल. चोई यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने असे चोवीस प्रकार सिद्ध केले. अनंत काळाच्या तुलनेत मनुष्याचे आयुष्य एका दिवसाएवढे, म्हणून दिवसाच्या तासांइतकी ही संख्या त्यांनी निवडली. बहुतेक तुलांना कोरियाच्या इतिहासातील नावे असून अनेकांत हालचालींची संख्याही अर्थपूर्ण आहे. ‘सामिल’ मध्ये तेहतीस हालचाली आहेत, त्या १९१९ च्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांच्या. ‘जुंग-गुन’ मध्ये बत्तीस आहेत. जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांचा वध करणारे आन जुंग-गुन १९१० साली फासावर गेले, तेव्हा कोरियन गणनेनुसार त्यांचे वय बत्तीस होते. ‘चुंग-मू’ हे आरमारप्रमुख यी सुन-सिन यांचे मरणोत्तर नाव. १५९८ साली विजयाच्या क्षणी त्यांना मृत्यू आला. त्यांचे जीवितकार्य अकाली खंडित झाले, हे सुचविण्यासाठी हा तुल डाव्या हाताच्या प्रहाराने संपतो. ‘दो-सान’ मधील चोवीस हालचाली आन चांग-हो यांच्या शिक्षणकार्यास वाहिलेल्या संपूर्ण आयुष्याच्या द्योतक आहेत. शाळेतून काढून टाकलेल्या या मुलाने एका शिक्षणव्रतीची स्मृती आपल्या शिष्यांच्या अंगवळणी पाडली. जो इतिहास एकेकाळी शाळेत उघडपणे शिकविता येत नव्हता, तो त्यांनी असा देहात साठवून ठेवला.

राजकारणाने मात्र त्यांना स्वस्थता लाभू दिली नाही. १९६१ साली जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता हस्तगत केली. पुढल्याच वर्षी चोई सैन्यातून निवृत्त झाले आणि राजदूत म्हणून मलायात गेले. या दूरच्या नेमणुकीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. अनेक तुल तेथेच आकाराला आले. २२ मार्च १९६६ रोजी सोल येथे नऊ देशांच्या सहभागाने त्यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. परंतु पार्क यांच्या राजवटीशी त्यांचे बिनसत गेले आणि १९७२ मध्ये ते कॅनडात जाऊन राहिले. १९७३ साली सोलमध्ये किम उन-योंग यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक तायक्वांदो महासंघ उभा राहिला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकांचा खेळ म्हणून जे तायक्वांदो जगाने पाहिले, ते या दुसऱ्या संस्थेचे. ज्याने नाव दिले, त्याचा उल्लेख त्याच्या देशात दीर्घकाळ टाळला गेला.

येथवरची कथा ऐकून आपली सहानुभूती चोई यांच्याकडे झुकते. पुढचा भागही तितक्याच निःपक्षपातीपणे सांगितला पाहिजे. १९८० साली ते आपल्या शिष्यांसह उत्तर कोरियात गेले. ती त्यांची जन्मभूमी होती. दक्षिणेत मात्र हा देशद्रोह ठरला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी ‘को-दांग’ हा तुल वगळला आणि त्याच्या जागी ‘जुचे’ हा नवा तुल आणला. को-दांग म्हणजे चो मान-सिक, कम्युनिस्ट राजवटीपुढे न नमलेले आणि तिच्याच कैदेत नाहीसे झालेले राष्ट्रीय पुढारी. जुचे हे उत्तर कोरियाच्या अधिकृत राज्यतत्त्वज्ञानाचे नाव. ज्यांचे स्वतःचे नाव दक्षिणेने पुसले, त्यांनी उत्तरेच्या सोयीसाठी दुसऱ्या एका देशभक्ताचे नाव पुसले. त्यांच्या चरित्रातील हा व्रण झाकण्याचे कारण नाही.

१५ जून २००२ रोजी प्योंगयांग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात त्यांच्या महासंघाची शकले झाली आणि एकाच नावाच्या संस्था परस्परांशी भांडू लागल्या. तथापि २०१४ साली उत्तरेकडील गट आणि जागतिक महासंघ यांच्यात सहकार्याचा करार झाला, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये, दक्षिण कोरियातील हिवाळी ऑलिंपिकच्या प्रसंगी, दोन्ही बाजूंच्या पथकांनी एकत्र प्रात्यक्षिके केली. चोई यांच्या चोविसाव्या तुलाचे नाव ‘तोंगिल’, म्हणजे एकीकरण. त्यात छप्पन्न हालचाली आहेत. राष्ट्राचे एकीकरण अद्याप झालेले नाही. तुल मात्र जगभर रोज केला जातो.

स्मृतिव्याख्यान म्हणजे संस्थापकांची केवळ स्तुती, असा समज आपण करून घेऊ नये. संस्थापक माणसेच असतात. ती इतरांकडून घेतात, घेतलेले कधी लपवितात, आणि तरीही पुढल्या पिढ्यांना पुरेल असे काही उभारून जातात. सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य धैर्य ही पाच तत्त्वे चोई यांनी आपल्या विद्येला घालून दिली. त्यांपैकी सचोटी ही त्यांच्या चरित्रकथनालाही लागू केली पाहिजे. आपल्यातील जे विद्यार्थी ही विद्या शिकत असतील, त्यांनी आपल्या शिक्षकांना अवश्य विचारावे, की या हालचाली इतक्याच का, आणि हे नाव कोणाचे. उत्तर शोधताना शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्याही हाती एका राष्ट्राचा इतिहास लागेल.