चालू संगणकाच्या स्मृतीची तपासणी

सुरत शहराच्या पूर्व भागातील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. कापडाचा धंदा हा या भागाचा आधार होय. जकार्ड मागाची नक्षी पूर्वी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठविलेली असे. कापडावर फूल चुकले, तर जाणता कारागीर पुठ्ठे हाताळून चुकीचे भोक शोधून काढी. थोडक्यात, यंत्राची स्मृती डोळ्यांना दिसत असे. संगणकाची स्मृती तशी दिसत नाही. तीत काय साठले आहे हे काम चालू असतानाच पाहण्याची विद्या मात्र उपलब्ध असून, तिची तोंडओळख विद्यार्थी, शिक्षक आणि संगणकावर काम करणारे कर्मचारी या सर्वांस उपयुक्त ठरेल.

स्मृती म्हणजे काय?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मुख्य स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० किलोबाइट. आज साध्या मोबाइल फोनची स्मृतीही याच्या लाखो पट असते. परंतु तत्त्व बदललेले नाही. स्मृती ही क्रमांक घातलेल्या खणांची एक प्रचंड मांडणी असून, चालू आज्ञावली त्या खणांत माहिती ठेवते व तेथूनच उचलते.

‘पायथन’सारख्या भाषेत खण नेमून देण्याचे काम भाषेची यंत्रणा स्वतः करते. एखाद्या वस्तूकडे बोट दाखविणारा शेवटचा निर्देश नाहीसा झाला की तिची जागा मोकळी करण्यात येते. परस्परांकडेच बोट दाखविणाऱ्या निरुपयोगी वस्तूंसाठी वेगळी सफाई असते. अशा आपोआप होणाऱ्या सफाईची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ भाषेविषयीच्या १९६० सालच्या निबंधात मांडली होती.

गावाच्या नावाचे वजन

‘गोडादरा’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. संगणक मात्र व्यंजने व काना-मात्रा वेगळ्या मोजतो. त्यामुळे चिन्हे सात होतात. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने फाइलमध्ये साठविल्यास प्रत्येक चिन्हास तीन, म्हणजे एकूण २१ बाइट लागतात. पायथनच्या चालू स्मृतीत हेच नाव प्रत्येक चिन्हास दोन याप्रमाणे १४ बाइटांत मावते. शिवाय वस्तूच्या नोंदीसाठी थोडी वेगळी जागा लागते. ‘गेटसाइजऑफ’ या साधनाने हा एकूण आकार कोणत्याही विद्यार्थ्यास पाहता येतो.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. एखाद्या यादीचा आकार विचारल्यास हे साधन केवळ यादीचा आकार सांगते, तीत नोंदलेल्या वस्तूंचा नव्हे. घरक्रमांकांच्या वहीचे वजन केल्याने घरांचे वजन कळत नाही, तसाच हा प्रकार होय.

गळती कशी शोधावी?

सफाईची यंत्रणा असूनही स्मृती भरत जाते, ती कशी? समजा, दाखले देणारी आज्ञावली प्रत्येक अर्जाची प्रत एका यादीत ठेवते आणि ती कधीच काढून टाकत नाही. यादी वापरात असल्याने यंत्रणेच्या दृष्टीने त्या प्रती कचरा ठरत नाहीत. सकाळी सुरळीत चालणारे काम दुपारी मंदावते, संध्याकाळी बंद पडते आणि रोजंदारी बुडवून आलेला अर्जदार रिकाम्या हाताने परततो. संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याने तात्पुरती सुटका होते. दोष मात्र कायम राहतो.

यावर उपाय म्हणजे दोन वेळा शिल्लक मोजणे. पायथनमध्ये २०१४ पासून ‘ट्रेसमॅलॉक’ हे साधन अंतर्भूत आहे. ते आरंभीच सुरू करून सकाळी एक व दुपारी एक अशी स्मृतीची दोन चित्रे घेतली आणि त्यांची तुलना केली, म्हणजे आज्ञावलीच्या कोणत्या ओळीमुळे जागा वाढत गेली हे दिसून येते. या नोंदी ठेवण्यात काही वेळ व जागा खर्च होते. म्हणून गरज संपताच साधन बंद करणे इष्ट.

जबाबदारीची जाणीव

संपूर्ण स्मृतीची प्रत काढणे ही त्याहून गंभीर बाब होय. अशा प्रतीत नावे, ओळखक्रमांक, किंबहुना सांकेतिक शब्दही उघड्या स्वरूपात असू शकतात. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषामुळे बाहेरच्या व्यक्तीस सदोष संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा प्रत्येक मागणीसरशी वाचता येत होता. म्हणून अशी प्रत परवानगीनेच काढावी, कुलूपबंद ठेवावी व काम होताच नष्ट करावी.

पायथन विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या गावाच्या नावाचे वजन करवून घेतले, तरी या विद्येचा श्रीगणेशा होईल. पुठ्ठ्यावरील भोक पाहून नक्षी सुधारणाऱ्या कारागिराची नजर नव्या पिढीने संगणकाच्या बाबतीतही कमवावी, हेच उचित होय.