बिळातला हिशेब

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचं छोटं बेट आहे. लीचेस स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी तिथे जमिनीत बीळ करून अंडं घालतो. माणसाने बिळात डोकावणं त्याला सोसत नाही. कधी कधी तो घरटंच सोडून जातो. म्हणून 2002 च्या उन्हाळ्यात बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि इंटेल इथल्या संशोधकांनी बिळांत आणि आसपास 32 बिनतारी सेन्सर नोड ठेवले. तापमान आणि आर्द्रता मोजायची, पक्षी आत आहे का तेही उष्णतेवरून ओळखायचं. प्रत्येक नोडला शक्ती पेन्सिल सेलची. सेल बदलायला बिळापाशी गेलं, तर सगळा खटाटोप फुकट.

हे सेल संपवतो तो नोडमधला रेडिओ. त्या काळच्या नोडमध्ये एक बिट पाठवायला जेवढी ऊर्जा लागे, तेवढ्यात प्रोसेसर सुमारे 800 सूचना पार पाडू शकत असे. आकडेमोड स्वस्त, बोलणं महाग.

समजा, एका रांगेत दहा नोड आहेत आणि पहिल्याच्या शेजारी गेटवे, म्हणजे सगळे आकडे गोळा करणारं केंद्र. बेटावरचं सरासरी तापमान हवं आहे. प्रत्येकाने आपला आकडा पुढे सरकवला, तर दहाव्याचा निरोप दहा टप्पे जातो, नवव्याचा नऊ. एकूण 55 निरोप. त्यातले दहा एकट्या पहिल्या नोडच्या माथी येतात. तो आधी मरतो आणि मागचे नऊ जिवंत असूनही मुके होतात.

याला उत्तर बर्कलेच्याच सॅम्युअल मॅडन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलं. प्रश्न गेटवेपासून पसरत जातो आणि ज्याच्याकडून तो ऐकला त्याला नोड आपला पालक मानतो. असं झाड तयार होतं. उत्तर परतताना प्रत्येक पालक मुलांचे आकडे स्वतःच्या आकड्यात मिळवून एकच निरोप वर देतो. 55 चे दहा होतात. कुणी कधी बोलायचं तेही झाडातल्या पातळीनुसार ठरलेलं, त्यामुळे उरलेला वेळ रेडिओ बंद. हे फार मोलाचं आहे, कारण नुसतं ऐकत बसणंही सेल खातं.

इथे एक मेख आहे. एका फांदीवर एकच नोड, 18 अंश. दुसरीवर तीन नोड, सरासरी 14. सरासऱ्यांची सरासरी 16 येते, खरं उत्तर 15. म्हणून वर पाठवायची ती बेरीज आणि नोडची संख्या, भागाकार शेवटी. कमाल तापमान याहून सोपं: शेजाऱ्याने आपल्यापेक्षा मोठा आकडा सांगितलेला ऐकू आला, की गप्प राहायचं. मध्यक मात्र हट्टी. तो अचूक हवा असेल, तर असा वाटेत आटोपत नाही. जवळजवळ सगळे आकडे गेटवेपर्यंत न्यावे लागतात.

पालकावरचा भार हा प्रश्न उरतोच. 2000 साली वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी एमआयटीत सुचवलेल्या पद्धतीत नोडचे गट पडतात आणि गटप्रमुखपद पाळीपाळीने फिरतं. तिचं नावही योगायोगाने त्या पक्ष्यासारखं ‘लीच’च. मला ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते: कुणा एकाच्या सेलवर गट जगत नाही.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी शेतात किंवा जंगलात सेन्सर लावणाऱ्यांना माझी विनंती आहे. नोड किती घ्यायचे हे ठरवण्याआधी त्यांना काय विचारायचं ते ठरवा. सरासरी चालणार असेल, तर मध्यक मागू नका.