एका दिवसाचे चार अध्याय

बायबल वर्षभरात वाचून काढायचं ठरवलं की बहुतेक जण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात करतात. पुढे लेवीयातले अर्पणविधी येतात, गणनेतल्या वंशांच्या याद्या येतात आणि पुष्कळांचं वाचन तिथेच थांबतं. डंडी या स्कॉटिश शहरातल्या सेंट पीटर्स मंडळीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या डिसेंबरअखेरीस आपल्या लोकांना एक वेगळंच वाचनपत्रक दिलं. त्याचं नाव ‘रोजची भाकर’.

रोज साधारण चार अध्याय. दोन घरच्या उपासनेत सगळ्यांनी मिळून वाचायचे, दोन एकट्याने. वर्षात जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा. जुन्या कराराचे ९२९ अध्याय, नव्याचे २६० दोनदा आणि १५० स्तोत्रं आणखी एकदा, असे १,५९९ अध्याय ३६५ दिवसांत बसवायचे. म्हणून काही दिवशी वाचन चाराच्या पुढे जातं.

खरं नवल या हिशेबापेक्षा मांडणीत आहे. १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय येतो. सृष्टी घडते, येशू जन्मतो, बाबेलच्या बंदिवासातल्यांना घरी परतायची मोकळीक मिळते, आणि यरुशलेमेत मूठभर शिष्य पवित्र आत्म्याची वाट पाहत बसतात. एकाच दिवशी चार आरंभ! दुसऱ्या दिवशी एज्रात परतलेल्यांच्या नावांची लांबलचक यादी आहे, एरवी कंटाळून उलटून टाकावी अशी. पण त्याच दिवशी प्रेषितांच्या कृत्यांत देशोदेशीचे लोक जमतात आणि तीन हजार माणसं मंडळीत येतात. मग ती यादी रुक्ष राहत नाही. देव माणसं नावानिशी गोळा करतो आहे असं दिसू लागतं. तिसऱ्या दिवशी बागेत हव्वा आणि आदाम मोहाला बळी पडतात. चौथ्या दिवशी रानात उपाशी असलेला येशू मोहापुढे टिकून राहतो. हे दोन प्रसंग बायबलमध्ये शेकडो पानांनी दूर आहेत. इथे त्यांच्यामध्ये एका रात्रीचं अंतर आहे.

रोजच्या वाचनाने माणूस वाढतो तो इथे, असं मला वाटतं. आपण स्वतः निवडायला बसलो तर तेविसावं स्तोत्र निवडू, डोंगरावरचं प्रवचन निवडू, जे आधीच आवडतं तेच पुन्हा वाचू. पत्रक आपली आवड विचारत नाही. मन आनंदात असताना ते यिर्मयाचा विलाप पुढे ठेवतं, आणि दुःखात असताना स्तुतीचं स्तोत्र. न मागितलेलं ऐकून घ्यायची सवय लागते. काही वर्षांनी एक वचन दुसऱ्याला आपसूक हाक मारू लागतं. अशी ओळख एका बैठकीत होत नाही, कितीही मन लावून वाचलं तरी.

शिवाय सगळे एकच वाचत असतात. आज मुलांना काय विचारायचं हे आईवडिलांना ठाऊक असतं. आपली माणसं कुठल्या अध्यायात आहेत हे पाळकाला कळतं. पत्रकात रोजचं वाचन पुस्तकांची नावं आणि अध्याय-वचनांचे आकडे देऊनच सांगितलं आहे, त्यामुळे मराठी पवित्र शास्त्र उघडणाऱ्यालाही ते तसंच चालतं. विसाव्या शतकात लंडनचे प्रसिद्ध उपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स यांनी ते तिथलेच पाळक जॉन स्टॉट यांना सुचवलं आणि स्टॉट यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. मॅकशेन यांना स्वतःला मात्र पत्रकाचं पहिलं वर्षही पुरं करता आलं नाही. २५ मार्च १८४३ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, टायफसच्या तापाने ते गेले.

त्यांचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. पत्रकासोबत लिहिलेल्या पत्रात त्यांनी फायद्यांच्या आधी धोके मांडले. वाचन नुसता उपचार होईल, ठरलेलं वाचून झालं म्हणून माणूस स्वतःवरच खूश होईल, कोणी घाईघाईने पानं उरकेल, आणि कुणाला हे जोखड जड होईल. या शेवटच्या लोकांना त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की तसं झालं तर हे बंधन झुगारून द्या आणि देवाच्या बागेत मनाला येईल तिथे चरा; मला तुम्हाला अडकवायचं नाही, तुमच्या आनंदाला हातभार लावायचा आहे.