जुन्नरची लेणी : धम्म, राज्य आणि रोजचे जगणे

वारूळवाडीहून जुन्नरमार्गे लेण्याद्रीला आपल्या शाळेची सहल जाते. तीनशेहून अधिक पायऱ्या चढून वर पोहोचल्यावर बहुतेक भाविक गिरिजात्मजाच्या दर्शनाला वळतात. आपले विद्यार्थी शेजारच्या चैत्यगृहातील स्तूपासमोर बसून वंदना घेतात. एका सहलीत सहावीतील एका मुलाने विचारले, “सर, इथे भिक्खू राहत होते, तर त्यांना जेवायला कोण देत होते?” वसतिगृहात वाढणाऱ्या मुलालाच सुचावा असा हा प्रश्न. एखादा धर्म समाजात कसा नांदला, हे त्याच्या तत्त्वज्ञानाइतकेच त्याच्या अन्नाच्या, पाण्याच्या आणि पैशाच्या व्यवहारावरून कळते. जुन्नरच्या लेण्यांत या प्रश्नाचे उत्तर दगडावर कोरून ठेवलेले आहे.

कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. या मार्गावरच्या समृद्ध नगराभोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत इसवी सनाच्या आगेमागे काही शतके लेणी खोदली जात होती. त्यांतील ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख बहुधा एक-दोन ओळींचेच आहेत. दात्याचे नाव, त्याचे गाव किंवा कूळ, दिलेली वस्तू आणि शेवटी ‘देयधम’ म्हणजे धम्मदान, एवढाच त्यांचा मजकूर असतो.

हे दाते कोण होते? लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. पाण्याची टाकी, जेवणाची जागा, निजायच्या खोल्या अशा रोजच्या गरजांची ही यादी आहे. आज ज्या लेण्यात गणपतीचे मंदिर आहे, तोही मुळात भिक्खूंचा विहार; मधल्या मोठ्या मंडपाच्या तीन बाजूंना त्यांच्या खोल्या आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहून वर्षावास करावा, असा विनयाचा नियम आहे. सह्याद्रीच्या पावसात त्यासाठी पक्का निवारा लागेच.

लेणे एकदा खोदून भागत नाही, त्याचा खर्च दरवर्षी चालू राहतो. त्यासाठी दाते शेतजमीन किंवा रक्कम कायम ठेव म्हणून देत आणि तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चाले. आदुथुम नावाच्या एका शक उपासकाने वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे केलेल्या ठेवींची नोंद आहे. येथे क्षणभर थांबावे. बांबूकाम करणारे म्हणजे आजच्या भाषेत बुरूड. आज महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या यादीत बुरूड समाजाचे नाव आहे. ज्या व्यवसायाला पुढच्या काळाने हीन ठरवले, त्याच व्यवसायाच्या श्रेणीवर त्या काळी विश्वासाने ठेव सोपवली जात होती.

राज्याचे काय? नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक जंत्री आहे. राजघराणे यज्ञ करीत होते आणि त्याच्याच मुलखात बौद्ध लेणी खोदली जात होती. पुढे क्षत्रप नहपानाचा अंमल आला, तेव्हा त्याचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात मंडप आणि टाके दिले. त्या लेखावर वर्ष ४६ असा उल्लेख आहे. सत्ता बदलली तरी दान थांबले नाही. संघाचा अंतर्गत कारभारही त्याचा स्वतःचा होता. ठराव मांडणे, तो पुन्हा वाचणे, मतभेद झाल्यास शलाका घेऊन मत मोजणे हे विनयात सांगितलेले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या या संसदीय पद्धतीची आठवण मुद्दाम करून दिली होती.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये धर्मामुळे छळ सोसलेले प्युरिटन लोक १६३० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये मोठ्या संख्येने वस्तीला गेले. मुलांनी वाचायला शिकावे याचा त्यांना ध्यास होता. पन्नास घरांच्या गावाने शिक्षक नेमावा, असा कायदा त्यांनी १६४७ मध्ये केला. परंतु १६३१ पासून मताचा अधिकार त्यांनी केवळ चर्चच्या सभासदांना ठेवला. राज्यसत्तेने श्रद्धेच्या बाबतीत हात घालू नये, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हद्दपार केले आणि १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला बोस्टनमध्ये फाशी दिली. छळातून सुटलेला समाज सत्ता हाती येताच दुसऱ्याचा छळ करू शकतो, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

म्हणून जुन्नरचा काळ सुवर्णयुग होता, असे म्हणून मोकळे व्हावे काय? इतिहासाचा शिक्षक म्हणून मी तसे म्हणणार नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात बौद्ध भिक्खूंना लेणे दान दिल्याची नोंद आहे आणि त्याच लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, अशी प्रौढीही आहे. राजाचे औदार्य आणि माणसांची समता या दोन भिन्न गोष्टी आहेत. औदार्य राजाच्या मर्जीवर टिकते, समतेला कायद्याचा आधार लागतो. तो आधार आपल्याला भारतीय संविधानाने दिला. त्यातील कलम ३२६ नुसार मताचा अधिकार प्रौढ नागरिकाला आहे आणि कलम ३२५ नुसार धर्म किंवा जातीच्या कारणावरून कोणालाही मतदार यादीतून वगळता येत नाही.

त्या मुलाला मी तेव्हा एवढेच सांगितले, “धान्यवाल्यांनी, बुरुडांनी, कासारांनी आणि परदेशातून आलेल्यांनीसुद्धा.” आज या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना थोडे अधिक सांगावेसे वाटते. आपल्या शाळेतील पाण्याच्या टाकीवर, भोजनगृहाच्या भिंतीवर, कपाटांवर दात्यांची नावे आहेत. कोणी पहिल्या पगारातून दिले, कोणी आईच्या स्मृतीसाठी दिले. ती जुन्नरच्या लेखांचीच परंपरा आहे. मात्र लेणी खोदणाऱ्या पाथरवटांची नावे त्या लेखांत शोधूनही सापडत नाहीत. आपल्या शाळेचा इतिहास लिहिताना भाकरी थापणाऱ्या मावशींचे आणि विहीर खणणाऱ्या मजुरांचे नावही दात्यांच्या शेजारी यावे. आणि वसतिगृहाचे दार ठोठावणाऱ्या मुलाला त्याचा धर्म व जात विचारण्याआधी, तो जेवला आहे का, हे विचारले जावे.