बोरच्या हद्दीबाहेरचा कायदा

वर्धा जिल्ह्यातले बोर अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ६१.१० चौ. किमी होते. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तो १३८.१२ चौ. किमी क्षेत्राला. एवढ्याशा जंगलात वाघ मावत नाहीत. ते शेतशिवारात उतरतात. तिथे मात्र अभयारण्याचा कायदा लागू नाही, असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधले प्रवेशाचे निर्बंध जागेशी जोडलेले आहेत, पण शिकारबंदी प्राण्याशी जोडलेली आहे. अनुसूची एकमधला वाघ कपाशीच्या रानात मारला, तरी पहिल्याच गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीचे बफर क्षेत्र जाहीर झाले की शेती बंद, हा याच्या उलट टोकाचा समज. कायद्याने बफरचा हेतूच माणूस आणि वन्यजीवांचे सहजीवन असा सांगितला आहे, आणि स्थानिकांचे उपजीविकेचे हक्क त्यात मान्य केले आहेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तारेचा आहे. रानडुक्कर आणि रोही रात्रीतून पीक फस्त करतात, म्हणून कुंपणात थेट वीज सोडणे हा स्वसंरक्षणाचा भाग मानला जातो. झटका मशीन क्षणभरच हलका धक्का देऊन जनावराला परतवते; खांबावरून ओढलेली वीज मात्र वाघ, बैल, शेजारचा शेतकरी यांत फरक करत नाही. जिवावर बेतल्यावर सद्भावनेने केलेला बचाव कायद्याला मान्य आहे. रात्रभर लावून ठेवलेली जिवंत तार त्यात बसत नाही. पिकाला उपद्रव असल्यास नुकसानभरपाई मागता येते; रानडुक्कर किंवा रोही मारण्यासाठी अटींसह परवानगीही मिळू शकते.

२०१७ ची घटना इथे बोलकी आहे. ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले करणारी वाघीण पकडून जुलैमध्ये बोरमध्ये सोडली गेली. ती बाहेर पडली आणि पुन्हा माणसे दगावली. तिला गोळी घालण्याच्या आदेशाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ऑक्टोबरमध्ये ती मेली, पण बंदुकीने नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्याच एका शेताच्या विद्युत कुंपणाने. धोकादायक ठरलेल्या वाघिणीलाही मारण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी कारणे द्यावी लागतात. तारेला कारण लागत नाही.

अटक फक्त पोलीस करतात, हेही खरे नाही. झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार वनाधिकाऱ्यालाही आहेत. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात ग्राह्य धरता येते. म्हणूनच पंचनामा घाईने उरकणे परवडत नाही. वाघाचा प्रत्येक मृत्यू, उलट सिद्ध होईपर्यंत, शिकार समजून तपासावा, असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक आहे. नखे किंवा कातडे जवळ सापडले, तर ते कायदेशीर असल्याचे दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते.

पैसे भरून प्रकरण मिटते, हा समज किरकोळ गुन्ह्यांपुरता ठीक. ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे, त्यात तडजोड करता येत नाही. आणि यंत्रणा हलली नाही, तरी वाट बंद होत नाही: साठ दिवसांची रीतसर नोटीस देऊन कोणीही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो.