आकाशवाणीचा खर्च कोणी द्यायचा?

गेल्या मार्गशीर्षात उज्जैनला जाणे झाले. कालभैरवाचे दर्शन घेऊन भैरवगढच्या गल्ल्यांतून हिंडलो. शिप्रेकाठची ही वस्ती बाटिक छपाईसाठी नावाजलेली आहे. कापडावर वितळलेल्या मेणाची नक्षी काढायची, ते रंगात बुडवायचे आणि शेवटी गरम पाण्यात मेण उतरवायचे, असे हे काम. एका वयस्कर कारागिराशी बोलता बोलता विषय रेडिओवर आला, तेव्हा त्यांनी लगेच नंदाजी आणि भेराजी यांची आठवण काढली. इंदूर आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमात ही दोन पात्रे शेतीपाण्याच्या गप्पा मालवी बोलीत मारीत असत. "बातम्या सगळेच सांगतात, आमच्या बोलीत बोलणारे तेवढे दोघेच होते," असे ते म्हणाले.

हे वाक्य आपल्या सीमाभागालाही लागू पडते. 2011च्या जनगणनेत सुमारे 52 लाख लोकांनी मालवी ही आपली मातृभाषा सांगितली, पण तिची गणना हिंदीतच झाली. अशा बोलीला जाहिरातदार मिळत नाही. तिच्यासाठी 1955 साली सुरू झालेले इंदूर केंद्र होते, ते सरकारी पैशावर चालत होते म्हणूनच.

आपल्याकडेही तेच घडले. आमच्या घरी आई सांगली केंद्र लावायची आणि आजोळी धारवाड लागलेले असायचे. धारवाड केंद्र 1950 चे, सांगलीचे 1963 चे. सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवून 1956 साली निवृत्त झालेले द. रा. बेंद्रे पुढे धारवाड केंद्राचे सल्लागार झाले. मल्लिकार्जुन मन्सूर तिथेच संगीत सल्लागार होते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला स्थायिक झाले आणि माळव्याची लोकगीते त्यांनी मैफलीत आणली. भाषांची ही देवाणघेवाण घराघरांत पोहोचवण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. 'आकाशवाणी' हे नावसुद्धा कर्नाटकातले. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली स्वतःचे खासगी केंद्र काढले, त्याचे हे नाव.

कायदा काय म्हणतो?

प्रसार भारती कायदा 1990 साली मंजूर झाला आणि 15 सप्टेंबर 1997 पासून अमलात आला. त्याचे कलम 12 प्रत्येक दुभाषिक कुटुंबाने एकदा तरी वाचावे. नागरिकांना मोकळी, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपणे, परस्परविरोधी मतेही समतोलपणे मांडणे, निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान देणे, अशी कामे तिथे नेमून दिली आहेत. म्हणजे मराठीचे आणि कन्नडचे कार्यक्रम ही कोणा अधिकाऱ्याची मेहरबानी नाही.

आता कलम 17 पाहा. ते पैशाचे आहे. संसदेच्या मंजुरीने केंद्र सरकार प्रसार भारतीला परवाना शुल्काची रक्कम, 'असल्यास', आणि सरकारला आवश्यक वाटतील अशा इतर रकमा देऊ शकेल, असे त्यात म्हटले आहे. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढावा लागे आणि वर्षाला शुल्क भरावे लागे. ते शुल्क 1980च्या दशकातच रद्द झाले होते. तेव्हा कायदा झाला त्या दिवशीच पहिली वाट बंद होती. उरली दुसरी, आणि तिथे सरकारला 'वाटेल' तेवढे. काम बंधनकारक, पैसा मात्र ऐच्छिक, अशी ही घडी आहे.

ज्याच्या हाती खर्चाची थैली, त्याचा शब्द वजनदार, हे घरात कोणाला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे ठरवले. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रसारणावर सरकारची मक्तेदारी नको, तशी खासगी धनिकांचीही नको, हे सूत्र त्या निकालात आहे. पुढे 2001 पासून खासगी एफएम आले, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही आणि जाहिरात मिळेल त्या शहरांतच त्यांनी पाय रोवले. गावची बातमी आकाशवाणीकडेच राहिली.

ती किती नाजूक धाग्यावर आहे, हे जून 2023 मध्ये दिसले. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा आदेश निघाला. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर तो थांबवला गेला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी 2,539 कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली होती. यंत्रे हवीतच, पण यंत्रासमोर बसून आपल्या भाषेत बोलणारा माणूसही हवा.

जर्मनीचा धडा

जर्मनीत प्रत्येक घर सार्वजनिक प्रसारणासाठी दरमहा ठरावीक वर्गणी देते. किती लागेल हे स्वतंत्र आयोग सांगतो. 2021 साली ती 17.50 युरोवरून 18.36 युरो व्हायची होती, पण सॅक्सनी-अनहाल्ट या एका राज्याने संमती दिली नाही. 5 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर झालेल्या निकालात तिथल्या घटनापीठाने वाढ लागू केली. पैसा अडवणे म्हणजे प्रसारणाच्या स्वातंत्र्यालाच धक्का, असा निकालाचा आशय होता. आपल्याकडे पुन्हा परवाना शुल्क आणा, असे मी म्हणत नाही. ते गरिबाच्या खिशाला जड जाईल. पण रक्कम किती लागते हे सरकारबाहेरच्या तज्ज्ञांनी ठरवावे, ती काही वर्षांसाठी बांधून द्यावी आणि तिचा ठरावीक भाग प्रादेशिक केंद्रांच्या कार्यक्रमांना राखून ठेवावा, एवढे तर आपणही मागू शकतो.

अर्थसंकल्पाच्या दिवसांत आपण रस्ता, पाणी, रेल्वे यांसाठी खासदारांना निवेदने देतो. त्यात आणखी एक ओळ घालावी: सांगली आणि धारवाड केंद्रांवर स्थानिक कार्यक्रमांसाठी किती खर्च होतो आणि किती पदे रिकामी आहेत? माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावरही हे विचारता येते. अर्ज मराठीत करावा की कन्नडमध्ये, हे ज्याचे त्याने घरात ठरवावे.