पंख्याचा हीटसिंक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इन्व्हर्टर किंवा ॲम्प्लिफायर तापू लागला की पहिला सल्ला ठरलेला : "तांब्याचा हीटसिंक लाव." तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा थंडावाही दुप्पट मिळणार, असा हा हिशेब. तो कागदावर मांडून पाहिला तर जुळत नाही.

१ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर उंच अशी ॲल्युमिनियमची फिन घ्या. पंख्याच्या मध्यम झोतात तिची कार्यक्षमता ८७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे बुडापासून टोकापर्यंत ती सारखीच गरम राहिली असती तर जेवढी उष्णता तिने हवेत टाकली असती, त्यातली ८७ टक्के ती टाकतेच. तीच फिन तांब्याची केली तर आकडा जातो ९३ वर. एवढ्याशा फायद्यासाठी वजन तिपटीहून जास्त, आणि खर्च वेगळाच! कारण उष्णता अडते ती धातूत नाही, धातूवरून हवेत उतरताना. तांब्याला न्याय मिळतो तो तळाशी, जिथे नखाएवढ्या चिपमधली उष्णता रुंद पायावर पसरवायची असते. उंची वाढवण्याचंही असंच. वरची ॲल्युमिनियमची फिन ६० मिलिमीटर केली की क्षेत्रफळ दुप्पट होतं, उष्णता मात्र दीडपटच जाते.

सगळ्यात महागात पडतो तो फिन्सच्या संख्येचा हव्यास. जास्त फिन्स म्हणजे जास्त पृष्ठभाग, यात खोटं काही नाही. पण दोन फिन्समधली फट निम्मी केली, तर त्याच वेगाने हवा आत ढकलायला साधारण चौपट दाब लागतो. छोट्या पंख्याकडे तो नसतो. मग दारातली गर्दी पाहून माणूस लोकलच्या पुढच्या डब्याकडे वळतो, तशी हवा हीटसिंकच्या वरून आणि बाजूने निघून जाते. अशा वेळी फिन्स वाढवण्याऐवजी पत्र्याचं आवरण घालून हवेच्या पळवाटा बंद कराव्यात. दिसायला गावठी, पण काम चोख.

"पंखा इतक्या सीएफएमचा आहे" हे वाक्यही फसवं आहे. छापलेला तो प्रवाह समोर काहीच अडथळा नसतानाचा. छापलेला कमाल दाब हवा पूर्ण कोंडलेली असतानाचा. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. पंख्याचा आलेख आणि हीटसिंकच्या अडथळ्याचा आलेख जिथे छेदतात, तेवढीच हवा खरी. ती मोजायची का, तर १०० वॅट उष्णता सेकंदाला १० लिटर हवेत सोडली की ती हवाच सुमारे ९ अंशांनी तापते, आणि पुढच्या भागांना तीच मिळते. पंख्याचा वेग दुप्पट करून हे सोडवायला गेलात तर पंख्याला वीज सुमारे आठपट लागेल. आवाजाचं तर बोलायलाच नको.

काळ्या रंगाची ख्याती पंख्याविना चालणाऱ्या हीटसिंकांनी मिळवलेली आहे. तिथे उष्णतेचा चांगला वाटा प्रारणाने जातो. पंखा लागला की तो वाटा किरकोळ उरतो.

माहितीपत्रकातला 'अंश प्रति वॅट' हा आकडा हवेच्या कोणत्या वेगाला दिला आहे, तेही विचारून घ्या. आकडा ०.५ असेल तर १०० वॅटला तापमान ५० अंशांनी वाढतं, आणि मे महिन्यात नागपुरात ते ४५ च्या पुढे मोजायचं असतं.